नंदू सुर्व्याचा सोळा ओळींचा तक्ता

आमच्या नंदूशी बोलायचं असेल तर आधी नंबर सांगावा लागतो. मिरजोळ्याला कारखान्यांच्या मागच्या अंगाला त्याचं घर आहे, घराच्या पडवीत आमचं वर्कशॉप आहे आणि पडवीच्या दाराशी प्लायवूडची एक पांढरी फळी ठोकलेली आहे. तिच्यावर शून्य ते पंधरा अशा सोळा ओळी. फाटकातून आत यायचं, फळी वाचायची, आपण कुठल्या ओळीत बसतो ते ठरवायचं आणि तेवढा आकडा मोठ्याने बोलायचा. नमस्कार नाही, काय म्हणता नाही. नुसतं "पाच!" म्हणून ओरडायचं.

तुम्हाला हे गमतीचं वाटत असेल. वाटू दे. माझी तेवीस वर्षं ह्या फळीखाली गेली आहेत आणि मला एक दिवस हसू आलेलं नाही.

नंदू म्हणजे नंदकुमार सुर्वे. माझा शाळेपासूनचा मित्र आणि धंद्यातला भागीदार. आम्ही मशीनचे बोर्ड बनवतो. बोर्ड म्हणजे मशीनचं डोकं. पंप असो, आंब्याच्या रसाचा बॉयलर असो, बर्फाचा कारखाना असो, कधी चालायचं आणि कधी थांबायचं हे त्या बोर्डावरचा एवढासा प्रोसेसर ठरवतो. प्रोसेसरला शहाणं करण्याचं काम नंदूचं. बाकी सगळं माझं. बाकी सगळं म्हणजे माणसं.

आणि माणसं ह्याला नको असतात. कुणी मध्येच हाक मारली की ह्याचं डोकं फिरायचं. एकदा बिचारा मीटर वाचायला आलेला माणूस "साहेब, जरा पाणी मिळेल का" म्हणाला, तर हा तारा डागायची तापलेली सोल्डरची बंदूक घेऊनच अंगावर गेला. म्हणाला, "दोन तास मनात उभं केलेलं पाडलंस!" पाणी मी दिलं. माफीही मीच मागितली. त्यानंतर ही फळी आली.

ही अक्कल त्याने प्रोसेसरकडून उचलली. विचाराल तर, म्हणजे योग्य नंबर बोलून विचाराल तर, तो तुम्हाला समजावूनसुद्धा सांगेल. "हे बघ शऱ्या," तो मला शंभरदा सांगून चुकलाय, "प्रोसेसर आपलं काम करत बसलेला असतो. मध्येच कुठली तरी तार ओरडते. पाणी भरलं, तापमान चढलं, बटण दाबलं. त्याला म्हणतात इंटरप्ट. तो काय करतो? वसकन ओरडतो? नाही. हातातली सूचना पुरी करतो, आपण कुठे होतो ते लिहून ठेवतो आणि तारेचा नंबर बघतो. मेमरीत एक तक्ता असतो, व्हेक्टर टेबल. तीन नंबर असेल तर तिसऱ्या ओळीत बघायचं. त्या ओळीत गोष्ट नसते, फक्त पत्ता असतो. अमुक ठिकाणी जा, तिथे काय करायचं ते लिहिलंय. जायचं, करायचं, परत यायचं. होतो तिथे."

"आणि माणसाला माणसाशी बोलायचं असेल तर?" मी एकदा विचारलं.

"गोष्ट नको," तो म्हणाला. "नंबर."

तर त्या फळीवर प्रत्येक नंबरापुढे पत्ता आहे. चार नंबर कुरियर: 'शरदकडे जा.' पाच नंबर गिऱ्हाईक: 'बाकावर बसा, पंख्याखाली.' अकरा नंबर नातेवाईक: 'फोन करून या.' चौदावा नंबर लग्नाच्या आमंत्रणाचा, त्यापुढे 'पत्रिका पेटीत टाका' असं लिहून खाली खरोखर एक बुटांचा रिकामा खोका ठेवलेला आहे. त्याच्या सख्ख्या मावसभावाने त्यात मुलीची पत्रिका टाकली आणि तो रडवेला होऊन माझ्याकडे आला. त्याची समजूत मी काढली. पंधरा नंबर 'इतर', त्यापुढे लिहिलंय 'आल्या पावली परत जा.' मी म्हटलं, हा उद्धटपणा कशाला? तर म्हणे, एकही ओळ रिकामी ठेवायची नसते. रिकाम्या ओळीचा इंटरप्ट आला तर प्रोसेसर भलतीकडे उडी मारतो आणि मशीन खुळावतं.

दोन नंबर जळका वास, तीन नंबर उतू जाणारं दूध. आणि सहा नंबर मी! दूध तिसरं, शरद सहावा. माझ्यापुढे पत्ता काय, तर 'ऐकून घे.' ऐकून घे म्हणे! उपकारच की नाही?

बरं, फळीवर भागतं का? नाही. ह्याच्या टेबलावर किराणा दुकानात बिलं टोचायचा असतो तसला एक उभा खिळा आहे. कुणी नंबर बोललं की हा आधी चिठ्ठी लिहितो, आपण कुठे होतो त्याची. ती खिळ्याला टोचतो. मग तुमच्याकडे बघतो. तुमचं झालं की सगळ्यात वरची चिठ्ठी काढतो, वाचतो, "होतो तिथे आलो" असं पुटपुटतो आणि पुन्हा कामाला लागतो. एकदा जेवताना मी काहीतरी विचारलं, तर गड्याने चिठ्ठी लिहिली: 'चौथा घास, माशाची उजवी बाजू संपली, सोलकढी बाकी.' ती टोचली. सुरमई निवतेय, मी समोर चिडून बसलोय आणि हा अक्षर सुवाच्य काढतोय.

आणि शून्य नंबर! शून्य नंबर म्हणजे लाइट गेली. त्यापुढे पत्ता: 'सगळं पहिल्यापासून.' प्रोसेसरची वीज जाऊन परत आली की तो तक्त्याच्या शून्याच्या जागेवर जातो आणि नव्याने सुरुवात करतो, म्हणून हाही तसंच करतो. खिळ्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्या फाडतो आणि दिवस पहिल्यापासून. चहा करतो, पेपर वाचतो, मला "आलास का?" म्हणून विचारतो. पावसाळ्यात एका दिवशी आमच्याकडे चारदा लाइट गेली. मेल्याने पाच वेळा चहा घेतला, पाच वेळा तोच पेपर वाचला आणि संध्याकाळी मला म्हणाला, "आज काही काम झालं नाही रे, पित्त मात्र झालं." मी त्या दिवशी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

पण माझी खरी तळपायाची आग मस्तकात जायची ती पहिल्या नंबराने. एक नंबर: 'बाबा.' पुढे पत्ता: 'ताबडतोब.'

बाबा म्हणजे नंदूचे वडील. आता ऐंशीच्या पुढचे, आतल्या खोलीत खाटेवर पडून. पूर्वी बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात होते. उजव्या हाताची तीन बोटं तिथल्या मशीनने नेली, हे मला कॉलेजपासून माहीत. स्विच अडकला होता, असं बाबा सांगायचे. नंदूने लग्न केलं नाही, बाबांचं सगळं तोच करतो. त्याबद्दल मी त्याला मानतो. पण त्या हाका!

"नंदूऽऽ" अशी हाक आली की हा उठायचा. चिठ्ठी नाही, खिळा नाही. हातातली तार तशीच सोडायची, गिऱ्हाइकाचा फोन तसाच टाकायचा, एकदा तर तापलेली बंदूक माझ्या रजिस्टरवर टाकून धावला आणि रजिस्टर धुमसायला लागलं. मी "दोन! दोन!" म्हणून बोंबलतोय, ह्याला ऐकू येईल तर शपथ. कारण एक नंबर चालू असला की बाकीच्या सगळ्यांना कान बंद. "एक नंबर झाकता येत नाही," तो सांगायचा. "बाकीच्या तारा ओरडल्या तरी प्रोसेसरला सांगता येतं, आता ऐकू नकोस. ह्या एका तारेला नाही. ती ओरडली की जायचंच."

आणि आत काय असायचं? सांगतो. "नंदू, किती वाजले?" एवढंच. खाटेच्या बरोबर समोर भिंतीवर घड्याळ, ताटाएवढं. हा उंबऱ्यात उभा राहून धापा टाकत सांगणार, "सव्वा अकरा, बाबा." ते "बरं" म्हणणार. दिवसातून तीन-चारदा. माझ्या कामाचे बारा वाजवून ह्या दोघांचं किती वाजले चालू. मी म्हटलं, "अरे, त्यांना मनगटाला बांध घड्याळ!" तर म्हणाला, "नको. हाक मारू देत."

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण ती सांगितल्याशिवाय माझ्या पोटातला राग जायचा नाही. तो राग कुणावर आहे ते तुम्ही ठरवा.

गेल्या मे महिन्यात एका बर्फवाल्या मालकाचं काम आलं. बर्फाच्या मोठ्या लाद्या मशीनच्या दातेरी रुळांत घालायच्या, खाली चुरा पडतो, तो मच्छीच्या बोटींना जातो. त्या मशीनचा बोर्ड. नंदूने नेहमीसारखं लाल बटण बोर्डातल्या तक्त्याच्या पहिल्या ओळीला जोडलं. दाबलं की रूळ जागच्या जागी थांबले पाहिजेत.

मालकाला ते नको होतं. पडवीत आला, पाच नंबरसुद्धा न बोलता बाकावर पसरला. "हे लोक सारखे बटण दाबतात हो," म्हणाला. "चहाला जायचं, दाब बटण. अर्धी लादी रुळात अडकते, मग घण घेऊन फोडत बसा. तुम्ही असं करा, बटण दाबलं की चालू लादी संपू दे. मग थांबू दे. मिनिटभराचा तर प्रश्न आहे."

"आणि कुणाचा हात असला तर?" नंदू मान न वळवता म्हणाला.

"हात कशाला घालतील? सांगितलंय त्यांना."

"होणार नाही," नंदू म्हणाला. मग फळीकडे बोट दाखवलं. "पंधरा."

मालक पंधरावी ओळ वाचून लालबुंद झाला आणि तावातावाने निघून गेला. जाताना माझ्याकडे बोट करून म्हणाला, "तुम्ही शहाणे आहात. शुक्रवारपर्यंत करून द्या, नाहीतर दुसरा बघतो."

मी शहाणा! त्या शब्दाने माझा घात केला. तीन महिने काम नव्हतं, आणि हा माणूस आलेल्याला आल्या पावली परत पाठवतो. तेवीस वर्षं ह्याने हाकलायचं आणि मी पाया पडून परत आणायचं. मला इतका संताप आला, इतका, की मी ठरवलं, बास. आता मीही पत्ता बदलू शकतो.

आणि बदलणं किती सोपं होतं बघा. बोर्डाच्या तक्त्यात पाचव्या ओळीत रोजच्या बंद करण्याचा पत्ता होता: चालू लादी संपव, मग थांब. पहिल्या ओळीत लाल बटणाचा: ताबडतोब थांब. इतकी वर्षं बघून मला एवढं कळत होतं. मशीनच्या कामाला हातही लावायचा नव्हता. पाचवीतला पत्ता उचलून पहिलीत लिहिला की झालं. बटण तेच, तार तीच, नंबर तोच, फक्त जायची जागा वेगळी. गुरुवारी दुपारी आतून "नंदूऽऽ" अशी हाक आली, हा धावला, आणि तो किती वाजले ते सांगून परत यायच्या आत मी एक ओळ बदलून बोर्डात भरली.

पण भेंडी राहिली होती. भेंडी म्हणजे नंदूची परीक्षा. प्रत्येक बोर्ड बाहेर पडण्याआधी तो आमच्या छोट्या मोटरला दोन रबरी रूळ लावतो, त्यात एक भेंडी सोडतो आणि भेंडीचं टोक रुळात शिरलं की लाल बटण दाबतो. टोक चपटं, बाकी भेंडी अख्खी, म्हणजे बोर्ड पास. भाजीवालीकडे हा वीस मिनिटं भेंड्या निवडतो. कोवळी नको, किडकी नको, मधल्या बोटाएवढी हवी. पास झालेल्या भेंड्यांची रात्री भाजी. त्यांच्या घरच्या भाजीत टोकं कायम चपटी.

शुक्रवारी सकाळी त्याने भेंडी सोडली. मी पेपरमागे. त्याने बटण दाबलं. रूळ फिरत राहिले. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा. भेंडी सावकाश आत गेली आणि पलीकडून चपटी होऊन बाहेर पडली, बिया कागदावर.

नंदू ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी तयारीत होतो. तो स्क्रीनवर तक्ता उघडून बघत बसला. मग म्हणाला, "पहिली ओळ बदललीन कुणी?"

"मी!" मी उठलोच. "मी बदलली! काय करशील? सहा नंबर करून ठेवलायस मला, आज बोलतोच! गिऱ्हाईक हाकलतोस, पत्रिका खोक्यात टाकायला लावतोस, म्हातारा किती वाजले विचारतो म्हणून धंदा वाऱ्यावर सोडतोस! काय सोनं लागलंय त्या पहिल्या ओळीला? एक मिनिट! फक्त एक मिनिट उशिरा थांबणार ते मशीन!"

तो भेंडीकडे बघत म्हणाला, "एवढा वेळ नाही लागत. बाबांच्या वेळी तीन सेकंद लागले."

"बाबांच्या वेळी?" मी म्हटलं.

"डिप्लोमाच्या सुट्टीत मी होतो ना कारखान्यात," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांचा घोडा. स्विचपाशी बसायचं काम. मांडीवर वही, वहीत सर्किटचं गणित. बाबांनी हाक मारलीनी. नंदू, बंद कर. मी म्हटलं, हो, एवढी ओळ लिहितो."

पडवीत मोटर फिरत होती. ती कुणीच बंद केली नव्हती.

"लिहिली मी ती ओळ," तो म्हणाला. "पुरी लिहिली. अजून पाठ आहे. आणि मग स्विच बंद केला."

"पण स्विच अडकला होता..." मी म्हटलं.

"ते बाबांनी सांगितलंनी. आईलासुद्धा तेच सांगितलंनी. मला आजपर्यंत एका शब्दाने काही बोलले नाहीत. तू त्यांना विचारायला जाऊ नकोस, शऱ्या."

मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, त्याला मी काय करू? तो राग मी मालकावर काढला. फोन लावला आणि सांगितलं की बटण दाबलं की मशीन थांबेल, जागच्या जागी थांबेल, लादी गेली खड्ड्यात, आणि दुसरा कुणी असलं काम करून देईल तर त्याचं नाव मला सांगा, त्यालाही फोन करतो. मालकाने मध्येच फोन आपटला. ते काम गेलं. नंदूने पहिली ओळ होती तशी केली, दुसरी भेंडी सोडली, टोक चपटं आणि बाकी अख्खी, आणि तो कुणी न मागितलेला बोर्ड त्याने कपाटात नीट ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी नंदू मागे न्हाणीत होता. आतून हाक आली, "नंदूऽऽ." न्हाणीत पाण्याचा आवाज, त्याला ऐकू गेलं नाही. मी उठलो. म्हटलं, आता तरी आपण उपयोगी पडू. आत जाऊन म्हटलं, "बाबा, दहा वाजून वीस मिनिटं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "मला दिसतंय," ते म्हणाले. "मोतीबिंदू काढलाय दोन्हीकडचा. सेकंदाचा काटासुद्धा दिसतो."

झालं! मी इतके दिवस शहाण्यासारखा गप्प होतो, पण हे ऐकून माझं डोकं पुन्हा सटकलं. "मग कशाला हाका मारता हो?" मी म्हटलं. "माणूस हातातलं टाकून धावत येतो!"

"म्हणूनच," बाबा म्हणाले. आणि दाराकडे कोणी नाही ना ते बघून, दोन बोटं उरलेला तो हात चादरीवर ठेवून हळू आवाजात म्हणाले, "तू कधी बघितलंयस त्याचं तोंड, इथे उंबऱ्यात पोचला की?"

मी नाही म्हटलं.

"बघ एकदा. वेळेत पोचला रे पोचला, की कसा होतो तो. मला बोटांचं काही नाही. माझं सगळं डाव्या हाताने झालं. पण त्याचं चालूच आहे अजून. म्हणून मी मारतो हाक. तो येतो. दर वेळी वेळेत येतो." मग मला हाताने बाजूला सारत म्हणाले, "आता तू सर. मध्ये उभा राहू नकोस." आणि होता नव्हता तेवढा दम घेऊन ओरडले, "नंदूऽऽ!"

न्हाणीत तांब्या पडल्याचा आवाज झाला. नंदू पंचा गुंडाळून, डोक्यावर साबण तसाच, ओल्या पायांनी घसरत सावरत आला आणि उंबऱ्यात थांबला.

"काय, बाबा?"

"किती वाजले रे?"

"दहा पंचवीस, बाबा."

"बरं."

मी त्याचं तोंड बघितलं. साबण डोळ्यात जात होता, तरी तो पुसत नव्हता. एवढा मोठा छप्पन्न वर्षांचा माणूस, पेपर पुरा सोडवून घंटेच्या आत दिलेल्या पोरासारखा उभा होता. मला तिथे उभं राहवेना. मी पडवीत आलो, फळीसमोर उगाच उभा राहिलो, आणि तेवढ्यात फाटकातून कुरियरवाला ओरडायला लागला, "चार! अहो शरदभाऊ, चार!"

"थांब मेल्या," मी त्याच्यावर खेकसलो. "आत एक नंबर चालू आहे."